कल्लेकाकांची अस्सल कोंबडी

त्या रस्त्यावर तीन सलून होती. पहिल्यात दिवसभर टीव्ही चालायचा, दुसऱ्यात मालकच टीव्हीसारखा चालायचा आणि तिसऱ्यात कल्लेकाका असायचे. शांतपणे दाढी करून घ्यायची असली की लोक तिसऱ्यात यायचे. "या, बसा, झालं," एवढ्या तीन शब्दांत त्यांचं गिऱ्हाईक सुटायचं.

हे नाव त्यांना पडलं ते लोकांच्या कल्ल्यांमुळे. कानापासून खाली उतरणारे ते दोन पट्टे सारखे झाल्याशिवाय काका कुणाला उठू द्यायचे नाहीत. एक जाड पांढरा दोरा घेऊन ते आधी डावा कल्ला मोजायचे, मग उजवा, मग खात्रीसाठी पुन्हा डावा. एकदा एका नवऱ्या मुलाला त्यांनी असा अडकवून ठेवला की वऱ्हाड निघालं आणि नवरदेव खुर्चीतच. एक कल्ला तांदळाच्या दाण्याएवढा लांब होता, एवढंच.

पण एका विषयावर मात्र हा अबोल माणूस बोलून थकायचा नाही. तो विषय दुकानाच्या मागच्या दारापलीकडे, अंगणातल्या खुराड्यात राहायचा.

सुरुवात बारा वर्षांपूर्वी झाली. एक निवृत्त शिक्षक त्यांचे जुने गिऱ्हाईक. ते लेकीकडे पाचव्या मजल्यावर राहायला निघाले आणि जाता जाता पिशवीतून एक कोंबडी देऊन गेले. म्हणाले, "लिफ्टमधून हिला नेऊ देत नाहीत. आणि हिला दाढी आहे, तेव्हा ही तुमच्याकडेच शोभेल." खरंच त्या कोंबडीला हनुवटीखाली झुबकेदार दाढी होती आणि दोन्ही गालांवर गुबगुबीत कल्ले. काकांनी सवयीने दोन्ही बाजूंचे कल्ले डोळ्यांनी मोजले. अगदी सारखे निघाले. चौथ्या दिवशी तिनं निळं अंडं घातलं, आणि काका जे कामातून गेले ते गेलेच.

त्यांनी पुस्तकं मागवली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ते काढले. त्यातून त्यांना असा शोध लागला की निळी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांत दोन जाती आहेत, एक आरोकाना आणि एक अमेरोकाना, आणि जग या दोघींत सारखी गल्लत करतं. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून झाला की ते सुरू करायचे, "आता बघा, आरोकानाला शेपूटच नसते. मागून पाहिलं तर लोटा. आणि तिच्या कानापाशी दोन झुपके बाहेर येतात, मिशीला पीळ द्यावा तसे. अमेरोकानाला शेपूट असते, दाढी असते, कल्ले असतात, आणि पाय पाटीसारखे निळसर काळे. तुरा दोघींचा बुटका, वाटाण्याचे दाणे ओळीनं लावावेत तसा." गळ्याशी वस्तरा असताना कुणाची हरकत असणार?

त्यांची बायको, म्हणजे काकू, हे सगळं मागच्या दारात टॉवेल वाळत घालता घालता ऐकायच्या. त्यांना ती दोन नावं म्हणजे जुळ्या बहिणींची वाटायची आणि त्या मुद्दाम उलटसुलट घ्यायच्या.

"अगं, शेपूट बघ, शेपूट," काका कळवळून म्हणायचे.

"मी खुराडं झाडते तेव्हा मला सगळ्यांच्या शेपट्याच दिसतात," काकू म्हणायच्या.

मात्र काकांचा खरा राग होता तो तिसऱ्या प्रकारावर. दाढी एकीची, पाय दुसरीचे, अंडं मनाला येईल त्या रंगाचं, कधी हिरवं, कधी गुलाबीसर. विकणारे अशा कोंबड्या खुशाल अस्सल म्हणून खपवायचे. काका त्यांना एकाच शब्दात उडवायचे, "सरमिसळ." आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी लोक टोपल्या घेऊन यायचे. काका कोंबडी उजेडात धरायचे, दाढी चाचपायचे, पाय बघायचे आणि निकाल द्यायचे. दहातल्या नऊ सरमिसळ निघायच्या. लोक तोंड पाडून जायचे. मग काकू त्यांना मागच्या दारी बोलावून चहा पाजायच्या आणि सांगायच्या, "अंडं छान लागतं ना? मग झालं तर."

काकूंची धाकटी बहीण दोन बस थांबे पलीकडे राहायची. तिचे यजमान वजनमापे खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे त्यांचा फक्त दोन गोष्टींवर विश्वास उरला होता, एक काटा आणि दुसरा शिक्का. या साडूसाहेबांनाही निवृत्तीनंतर कोंबड्यांचा नाद लागला. त्यांनी बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून एक अमेरोकाना आणली, तीही प्रमाणपत्रासकट. त्यावर गोल शिक्का होता. प्रमाणपत्र त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि कोंबडी घेऊन दाढी करायला सलूनमध्ये आले.

काकांनी अर्धी दाढी केली. मग टोपलीतून कोंबडीचा एक पाय बाहेर आला, तिकडे त्यांचं लक्ष गेलं आणि हात थांबला.

"साडूबुवा, हिचे पाय हिरवे आहेत."

"निळे आहेत," साडूसाहेब फेसातून म्हणाले. "कागदावर तसं लिहिलंय."

"कागदावर असेल. पायावर हिरवा आहे. ही सरमिसळ आहे."

दुकानात चार माणसं होती. साडूसाहेब सावकाश उठले, गळ्यातलं कापड घडी घालून खुर्चीवर ठेवलं, टोपली उचलली आणि अर्ध्या दाढीनं, अर्ध्या फेसानं भर रस्त्यातून घरी गेले. त्यानंतर त्या घराचं माणूस या दुकानात आलं नाही. येत होता तो फक्त फोन. दोघी बहिणी रोज दुपारी तासभर बोलायच्या आणि आपापल्या नवऱ्यांना सांगायच्या की राँग नंबर होता.

पुढच्या उन्हाळ्यात काकांनी त्या पहिल्या कोंबडीच्या वंशातली सात अंडी खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवली. कॅलेंडरवर एकवीस चौकोन आखले. पंधराव्या दिवशी त्यांच्या थोरल्या भावाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि त्यांना तीन दिवस परगावी जावं लागलं. जाताना त्यांनी काकूंना अर्धं पान सूचना लिहून दिल्या. शेवटची सूचना होती, "काळजी करू नये."

आता खुडूक कोंबडीइतकी मन लावून काम करणारी बाई जगात नाही, पण अक्कल तेवढी बेताची. दुसऱ्या दिवशी ती पाणी प्यायला उठली, परत आली आणि शेजारच्या रिकाम्या खोक्यात जाऊन बसली. दिवसभर बसली, रात्रभर बसली, काही नसलेलं काहीतरी जिवापाड उबवत राहिली. काकूंनी संध्याकाळी डोकावलं तेव्हा त्यांना ती बसलेली दिसली, एवढंच. सकाळी दाणे टाकायला गेल्या तेव्हा कळलं की खोका चुकलाय. सातही अंडी नदीतल्या गोट्यांसारखी गार होती. काकूंनी एकेक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरलं. आत काही हलत नव्हतं.

त्या खुराड्याच्या दारातच बसल्या. नवरा रागावेल ही भीती नव्हती. तो रागावला नसता, बोललाच नसता, आणि तेच त्यांना नको होतं. मग त्यांनी पदराला हात पुसून बहिणीला फोन लावला.

"ताई, माझीही एक बसलीय," धाकटी म्हणाली. "नऊ अंड्यांवर. तुझ्यापेक्षा दोन दिवस पुढे आहे."

"अंडी कुणाची?"

"कुणाची म्हणजे? त्या शिक्केवालीची."

काकूंनी गार पडलेल्या अंड्यांकडे पाहिलं. मग धाकटी म्हणाली, "सहा आणते. यांना सांगेन खराब निघाली."

ती जेवणाच्या डब्यात टॉवेल घालून, गरम पाण्याच्या पिशवीवर डबा ठेवून, मांडीवर घेऊन बसने आली. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, डब्यात काय आहे, तर म्हणाली, "भाचरं." दोघींनी मिळून सहा अंडी खोक्यात मांडली, कोंबडीला उचलून त्यांच्यावर बसवलं आणि गार पडलेली सात अंडी बागेच्या कडेला पुरली.

काका परतले आणि दोनच दिवसांनी, म्हणजे एकोणिसाव्या चौकोनावर, पिल्लं बाहेर आली. सहातून पाच. काका हरखून गेले. ठेवली होती सात, आता दिसतात सहाच, असा प्रश्न त्यांना पडला खरा, पण काकू म्हणाल्या, एक फुटलं, आणि तो प्रश्न तिथंच मिटला. दोन दिवस आधी पिल्लं येणं हे मात्र त्यांनी स्वतःच्या खात्यावर टाकलं. पुढचा महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावं लागलं की नीट वाळवलेलं गवत खोक्यात घातलं तर काय होऊ शकतं. काकू टॉवेल झटकत राहिल्या.

त्या पाचांत एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, अशी निघाली की बघत राहावं. मानेवर सोनेरी झाक, दाढी भरगच्च, कल्ले दोऱ्यानं मोजून लावल्यासारखे. काका तिला राणीसाहेब म्हणू लागले. चार महिन्यांची झाली तसं त्यांनी जाहीर केलं की यंदाच्या पक्षी प्रदर्शनात, अस्सल निळ्या अंड्यांच्या गटात, राणीसाहेब उतरणार.

"दुसरी एखादी नेऊ या," काकू म्हणाल्या. "तिची आजी चांगली आहे."

"आजी म्हातारी झाली."

"मग यंदा राहू दे. मला बरं वाटत नाहीये."

"तू घरी थांब. मी जाऊन येतो."

हाही उपाय गेला. काकूंनी धाकटीला फोन केला. तिनं आणखी वाईट बातमी दिली. साडूसाहेबही त्याच गटात शिक्केवाली घेऊन येणार होते.

प्रदर्शनाआधी पंधरा दिवस एक नवाच प्रकार सुरू झाला. रोज दुकान बंद केल्यावर काका दाढीचा ब्रश आणि साबण घेऊन अंगणात जायचे आणि राणीसाहेबांचे पाय धुवायचे. हळूहळू, बोटाबोटांतून, कोमट पाण्यानं. काकूंना लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि इतक्या निगुतीनं त्यांचे पाय कुणी धुतले नव्हते, पण तो मुद्दा वेगळा.

"कशाला एवढं घासताय?" त्यांनी विचारलं.

"गवताचे डाग पडतात," काका मान वर न करता म्हणाले.

प्रदर्शन बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होतं. लांब टेबलं, त्यांवर वर्तमानपत्रं, त्यांवर पिंजरे, आणि छताला लागतील असे आरवण्याचे आवाज. परीक्षक म्हणून जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. नशिबाचा खेळ असा की राणीसाहेब आणि शिक्केवाली शेजारी शेजारी लागल्या. काका आणि साडूसाहेब दोघेही हात मागे बांधून विरुद्ध दिशांना बघत उभे होते. दोघी बहिणी एकमेकींकडे बघायचं टाळत एकाच खांबाला टेकल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी शिक्केवालीला उचललं, पाय पाहिले आणि चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती शेवटच्या टेबलाकडे पाठवली. साडूसाहेबांनी प्रमाणपत्र पुढे केलं. बाईंनी ते वाचलं, छान आहे म्हणाल्या आणि परत दिलं.

मग राणीसाहेबांची पाळी आली. बाईंनी तुरा पाहिला, दाढीत बोट घातलं, शेपटी उचलली. "सुरेख आहे हो काका," त्या म्हणाल्या. "आणि पाय किती स्वच्छ ठेवलेत." काका काही बोलले नाहीत. बाईंनी एक पाय खिडकीच्या उजेडाकडे वळवला, जरा थांबल्या, डोळे बारीक केले. त्या आता काय म्हणणार म्हणून काकूंनी खांब घट्ट धरला. पण बाई काही म्हणायच्या आतच राणीसाहेब हातातून निसटल्या, टेबलावर उतरल्या, वर्तमानपत्रावर नीट बैठक घेतली आणि आयुष्यातलं पहिलं अंडं घातलं.

अंडं हिरवं होतं. निळसर वगैरे नाही, विहिरीच्या आतल्या दगडासारखं सरळ हिरवं.

ते घरंगळत टेबलाच्या कडेला गेलं. साडूसाहेबांनी ते वरचेवर झेललं आणि नोकरीतल्या सवयीनं तळहातावर तोललं. "पंचेचाळीस ग्रॅम," ते म्हणाले. मग त्यांनी रंग पाहिला.

"काका," डॉक्टरीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "दिसायला ही देखणी आहे, पण पायांवर हिरवी झाक आहे. आणि अस्सल असती तर अंडंही निळं आलं असतं. हे निळंच कवच आहे, त्यावर तपकिरी रंगाचा हात फिरलाय, म्हणून हिरवं दिसतं. हिच्या आईबापांत नाहीतर आजीआजोबांत कुणीतरी तपकिरी अंड्यांच्या घरचं आहे." त्यांनी राणीसाहेबांची चिठ्ठीही शेवटच्या टेबलाकडे पाठवली. त्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सरमिसळ.

काका बाहेर जाऊन पायरीवर बसले. काकू मागोमाग गेल्या. बराच वेळ ते आपल्या हातांकडे बघत होते.

"उद्यापासून दुकान बंद करावं म्हणतो," ते म्हणाले.

"का?"

"ज्याला कोंबडीच्या पायाचा रंग ओळखता येत नाही, त्यानं लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरू नये. नजर गेली माझी."

काकूंनी सहा महिने हजार सबबी तयार ठेवल्या होत्या. या वाक्यापुढे एकही उभी राहीना. त्या शेजारी बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. चुकलेला खोका, गार अंडी, धाकटीचा डबा, बागेच्या कडेचा खड्डा. "नजर गेलेली नाही तुमची," त्या शेवटी म्हणाल्या. "ती तुमची नव्हतीच मुळी. मी फसवलं."

काका गप्प राहिले. गप्प राहण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. काकूंनी वाट पाहिली.

"पाय हिरवे होते," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"दोन महिन्यांपासून दिसत होते. आधी वाटलं गवताचा डाग असेल. मग वाटलं धुवून जाईल."

"जाणार होता का?"

"नव्हता. ठाऊक होतं." त्यांनी गुडघ्यावरचं नसलेलं पीस झटकलं. "साडूबुवांच्या कोंबडीचे पाय मला दहा पावलांवरून दिसले. हिचे मांडीवर घेऊनही दिसायला नको वाटत होते."

काकूंना हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांनी पदर नाकाला लावला आणि सर्दीचं निमित्त केलं.

तेवढ्यात हॉलच्या दारातून साडूसाहेब आले. हातरुमालात हिरवं अंडं, मागे खाली मान घातलेली धाकटी. आत खांबापाशी तिनंही कबुलीजबाब दिला होता, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"सहा अंडी खराब निघाली असं मला सांगण्यात आलं होतं," साडूसाहेब कुणाकडेही न बघता म्हणाले. "मी तशी वहीत नोंद केलीय. आता खोडावी लागेल."

काका उठून उभे राहिले. "साडूबुवा, मी तुमच्या कोंबडीला सरमिसळ म्हणालो होतो."

"म्हणाला होतात. अर्धी दाढी बाकी असताना."

"ती सरमिसळच आहे."

काकूंनी डोळे मिटले. या माणसाला आता तरी गप्प बसता आलं असतं.

"पण तिची लेक माझ्या घरी आहे," काका पुढे म्हणाले, "आणि तिच्यासारखी देखणी कोंबडी मी बारा वर्षांत पाहिलेली नाही. हे मी दुकानात चार माणसांसमोर सांगायला तयार आहे."

साडूसाहेबांनी अंडं एका तळहातावरून दुसऱ्यावर घेतलं. बराच विचार केला. मग म्हणाले, "लेक आमची. नांदतेय तुमच्याकडे."

"हो."

"मग आपण साडू कसले? व्याही झालो."

धाकटीला पहिलं हसू फुटलं, मग काकूंना. काका हसले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले, आणि त्यांच्या बाबतीत ते पुष्कळ होतं.

"आणि एक सांगतो," साडूसाहेब आवाज चढवून म्हणाले, कारण व्याही झाल्यावर आवाज चढवायचा हक्क येतो, "आमची कोंबडी अस्सल आहे. शिक्का आहे तिला. दोष असलाच तर कोंबड्याचा. तो शेजाऱ्यांकडून उडून आला आणि राहिला. घरजावई."

"कोंबड्याचे पाय कसे आहेत?" काकांनी लगेच विचारलं.

"काळे असावेत."

"असावेत म्हणजे? पाहिले नाहीत?"

दोघं वाद घालत रस्त्याला लागले. दोन्ही कोंबड्या आतच राहिल्या आहेत हे बायकांना जाऊन सांगावं लागलं.

संध्याकाळी चौघं काकूंच्या स्वयंपाकघरात जमले आणि काकूंनी ते अंडं फोडलं. बाहेरून हिरवं कवच आतून निळं निघालं. काका ते उजेडाकडे धरून समजावून सांगत होते आणि साडूसाहेब वहीत लिहून घेत होते. बलक मात्र कुठल्याही अंड्याच्या बलकासारखा पिवळाच होता. धाकटीनं तो तव्यावर परतून पोळीशी चौघांत वाटला. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक घास आला.

साडूसाहेब सलूनमध्ये परत येऊ लागले. काकांचे निकाल थोडे नरमले. टोपली घेऊन येणाऱ्याला ते आता म्हणायचे, "अंडं घालेपर्यंत थांबा, मग बोलू." आरोकाना आणि अमेरोकाना यांतला फरक मात्र ते पूर्वीइतकाच सांगायचे. उलट साडूसाहेब बाजूच्या खुर्चीवरून आकडे पुरवायचे, त्यामुळे गिऱ्हाइकाला दुप्पट ऐकावं लागायचं.

थंडी सरल्यावर साडूसाहेबांनी मागणीच घातली की लेकीला आठ दिवस पाठवा. काकांनी राणीसाहेबांना टोपलीत बसवून, सूचनांचं अर्धं पान लिहून पाठवलं. चौथ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन वाजला.

"ताई," धाकटी म्हणाली, "काही चुकतंय का आमचं? दाणे देतोय, हिरवा पाला देतोय, यांनी स्वतः उशाशी गवत पसरलंय. पण आल्यापासून एक अंडं घातलेलं नाही गं. नुसती फिरते, खाते आणि झोपते."

"मग काय करणार?" काकू म्हणाल्या. "माहेरी आलेली लेक कधी कामाला हात लावते का?"